काढण्याचं काम

कंपनीतून निघालेल्या गाडीबरोबर एक पुस्तक येतं. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, चाकात हवा किती, कुठला फ्यूज कशाचा, सगळं त्यात छापलेलं असतं. गाडीत फेरफार झाला की ते पुस्तक रद्दीत घालायचं. पाटे वाढवले, टायर मोठे चढवले, दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं, की तशी गाडी जगात एकच उरते आणि तिची खोड सांगणारं कुणी राहत नाही. गावात फिरवायला हरकत नाही; बंद पडली तर ट्रॅक्टरला बांधून ओढून आणता येते. लांबच्या पल्ल्याला निघायचं म्हटलं की मात्र तिचं पुस्तक कुणाला तरी नव्यानं लिहावं लागतं. शेळगावात रस्त्याकडेच्या माझ्या शेडमध्ये मी ते काम करतो.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या मधे. वालचंदनगर जवळच. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावानं ती वसाहत आहे, त्यांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मोटारी तिकडं झाल्या; पण लोखंडाला हात घालायचं धाडस आमच्या भागाला वालचंदनगरनं दिलं, असं माझं मत आहे. लेथवर बुश काढून देणारा, वेल्डिंगची शिवण डोळ्यांनी ओळखणारा माणूस इथं शोधावा लागत नाही. त्यात नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, आणि ऊस ओढणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. गाडी कंपनीनं दिली तशीच वापरायची असते, हे इथं फारसं कुणी मानलेलं नाही. वडापच्या जीपा आठवा. मागं आडव्या सीटा, वर कॅरिअर, खाली एक जादा पाटा, टपावर माणसं. त्याला तेव्हा कुणी ‘मॉडिफिकेशन’ म्हणत नव्हतं, धंदा म्हणत होते.

आता त्याच जीपा हौसेनं ठेवतात. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक महिंद्राच्या एमएम 540. हिला मुळात प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन होतं. आता त्या जागी बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय टर्बो बसवलेलं सापडतं. मालक तिशीतला, ऊसवाला, आणि जायचं असतं लेहला. सोबत मोबाइलमधली यादी: कॅरिअर, त्यावर तंबू, पुढं लोखंडी गार्ड, विंच, दिव्यांची पट्टी, दुसरी बॅटरी, फ्रिज. “मिस्त्री, एवढं बसवून द्या.” मी यादी ठेवून घेतो आणि आधी गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगतो. ऊसपट्ट्यात काटा शोधायला लांब जावं लागत नाही. पुढच्या चाकांवर किती, मागच्यांवर किती, हे कागदावर आल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

माझं बरंचसं काम बसवण्याचं नसतंच, काढण्याचं असतं. छतावरचा तंबू पन्नास-साठ किलोचा. वीस लिटरच्या डिझेलच्या कॅनचं वजन साडेसोळा किलो, तशा दोन वर बांधल्या की तेहतीस. हे ओझं जमिनीपासून सहा फुटांवर. मुळात उंच आणि अरुंद असलेली जीप, त्यात पाटे वाढवून आणखी तीन इंच वर उचललेली. वळणावर ती बाहेर कलते, तेव्हा चालवणाऱ्याला वाटतं रस्ता खराब आहे. पुढचा गार्ड तर मी सरळ उतरवतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं, ते एक कारण. दुसरं कारण पाट्यांचं. ते वजन अगदी नाकाशी बसतं, आणि नव्या इंजिनानं पुढचे पाटे आधीच दबलेले असतात.

कायद्याचं एकदाच बोलून घेतो, कारण कुणाला ऐकायचं नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा अर्थ साधा आहे: कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेला धक्का लावणारा बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंद नसलेलं इंजिन घेऊन मी कुणाला राज्याबाहेर जाऊ देत नाही. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी इंजिन नंबरच बघतो. जुनी डिझेल गाडी असेल तर आणखी एक गाठ. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली-एनसीआरमध्ये बंदी घालणारा हरित लवादाचा 2015 चा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये कायम केला. त्याच्या अंमलबजावणीत नंतर मागंपुढं होत राहिलं. म्हणून मी रस्ताच एनसीआरच्या बाहेरून आखायला लावतो. थोडं लांब पडतं, पण गाडी जप्त होण्यापेक्षा बरं.

खरी झटापट असते ती उष्णतेशी. लोकांना वाटतं, लेहला थंडी, तिकडं इंजिन कशाला तापेल? तागलांग ला साडेसतरा हजार फुटांच्या जवळपास आहे. तिथं हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि उघड्या भांड्यातलं पाणी 82-83 अंशांना उकळतं. विरळ हवा रेडिएटरमधून वाहते, पण उष्णता कमी नेते. त्यात आमच्या जीपांचा रेडिएटर मूळ लहान इंजिनाचा. इंजिन बदलताना फॅन रेडिएटरच्या मधोमध येत नाही, आणि मग त्याच्याभोवतीचं आवरण कुणीतरी कापून फेकून दिलेलं असतं. आवरण नसलं की फॅन इंजिनाकडचीच गरम हवा ढवळत बसतो. पत्रा कापून ते नवं बनवणं, रेडिएटरची कोअर जाड करून घेणं, झाकण योग्य दाबाचं लावणं, ही कामं स्वस्त आहेत आणि फोटोत दिसत नाहीत. दाब धरणारं झाकण असेल तर त्या उंचीवरही पाणी शंभरीच्या पुढं उकळायला जातं. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर नवा रेडिएटरही उपयोगाचा नाही.

आणि थर्मोस्टॅट. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून जुन्या मिस्त्र्यांनी सरसकट थर्मोस्टॅट काढून टाकले. इथं त्यावाचून चालून जातं. पण पहाटे उणे तापमानात इंजिन तासभर गरमच झालं नाही, तर डिझेल नीट जळत नाही, धूर पांढरा येतो, ऑइल खराब होतं. काढायचं काढायचं म्हणणारा मी ही एक वस्तू मात्र प्रत्येक गाडीत परत बसवतो.

गरम होण्याची परीक्षा घाटात होते असा समज आहे. घाट पाहिजेच, त्यासाठी मी भरलेली गाडी सासवडच्या पुढं दिवे घाटातून उतरवून पुन्हा वर चढवतो. पण त्याहून कडक परीक्षा आमच्याच रस्त्यावर आहे. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याचा मुक्काम हलवून निमगाव केतकीकडं निघते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर माणसाच्या पावलानं सरकतात. पहिला गिअर, अर्धा क्लच, समोरून वारा नाही. या ट्रकांतही फेरफार असतो: आत फळ्यांचा माळा, खाली भांडी, शेगड्या, वर तंबूच्या कनाती. देहू ते पंढरपूर, अंतर थोडंच, पण वेळ वीसेक दिवस. त्यांचे ड्रायव्हर मी बघत आलोय. रेडिएटरपुढं ते काहीही बांधू देत नाहीत, आणि दिवसातून एकदा खाली वाकून पाटे बघतात. लेहला जाणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ. बाकीच्या दिवसांत मी जीपला ऊसट्रॉलीच्या मागं दुपारी दोन वाजता सोडतो. तापमानाचा काटा कुठं थांबतो ते लिहून ठेवायचं. थांबतच नसेल तर लेह रद्द.

टायरांचं गणित कुणी करत नाही. मूळ 6.00-16 टायरचा व्यास पावणेएकोणतीस इंचाच्या आसपास. त्या जागी एकतीस इंची चढवले की चाक एका फेरीत आठ टक्के जादा जातं आणि मीटरला ते कळत नाही. काटा साठ दाखवतो तेव्हा आपण पासष्टनं चाललेलो असतो. मनालीच्या पुढं तांडीच्या पंपावर पाटी आहे: पुढचा पंप 365 किलोमीटर. हे अंतर आपल्या मीटरवर 338 च्या आसपास भरेल. ॲव्हरेजही त्याच मीटरवर काढलेलं असतं, त्यामुळे ही चूक सुदैवानं आपल्या बाजूची आहे आणि एक कॅन घरी ठेवता येते. चढावर ॲव्हरेज घसरतं, त्याची भर धरूनसुद्धा. मोठ्या चाकाचा तोटा दुसरीकडं निघतो. ब्रेक तेच, लायनर तेच, अडवायचं चाक मात्र मोठं. पहिल्या गिअरची ओढही कमी होते. शिवाय किंगपिन बेअरिंग आणि टायरॉड एंड थोडे जरी ढिले असले, तरी पन्नासच्या पुढं स्टिअरिंग असं थरथरतं की हात सोडावेसे वाटतात. गिऱ्हाईक म्हणतं, अलाइनमेंट करा. अलाइनमेंटनं ते जात नाही.

वायरिंगवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. शंभर वॉटचे दोन दिवे म्हणजे बारा व्होल्टला जवळपास सतरा अँपिअर. ते मूळ दिव्याच्या स्विचवरून ओढलेले असतात, चिकटपट्टीच्या जोडावर, फ्यूजशिवाय. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं रबर नसतं. इथल्या रस्त्यावर ती वर्षभर टिकेल. लेहच्या वाटेवरच्या थरथराटात पत्रा तिला कापतो. प्रत्येक जादा वस्तूला वेगळा फ्यूज, वेगळा रिले आणि चेसिसला घट्ट अर्थिंग. किंवा ती वस्तूच नको. बहुतेक वेळा दुसराच पर्याय निघतो.

हे सगळं चालू असताना मी एक दोनशेपानी वही भरत जातो. तीच या गाडीचं पुस्तक. तिच्यात सर्वांत मोलाचं पान कुठला भाग कुठल्या गाडीचा आहे याचं. फॅनबेल्ट बोलेरोचा, पण एक माप लांब. वरचा होज ट्रॅक्टरचा कापून. प्रोपेलर शाफ्ट लेथवर लहान केलेला, क्रॉस मूळ जीपचेच. किलाँगच्या दुकानात “एमएम 540 चा बेल्ट द्या” म्हटलं तर मिळणारा बेल्ट या गाडीला बसणार नाही. बेल्टवरचा नंबर सांगितला तर कुठंही मिळेल. सोबत बेल्ट, होज, डिझेल फिल्टर, सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट आणि एक क्रॉस. बाकी सुटे भाग मी काढून घेतो.

एकदा एका गिऱ्हाइकाचे वडील पोराबरोबर आले होते. खाली काढून ठेवलेल्या सामानाचा ढीग बघून पोराला म्हणाले, “एवढ्यात एक गाय आली असती.” पोरगं गप्प. मी म्हटलं, “तात्या, गाय लेहला जात नाही.” ते हसले, पण हिशेब त्यांचाच बरोबर होता.

तेव्हा लांब निघणार असाल तर जीप महिनाभर आधी आणा, सामान भरून आणा, आणि मोबाइलमधली यादी घरी ठेवा. आदल्या दिवशी आणलीत तर मी फक्त चाकातली हवा तपासून देईन.