शनिवार-रविवारी पोरगी जाते कुठे?

परदेशात शिकणाऱ्या पोरांची छायाचित्रे हल्ली तासाभरात गावात पोचतात, आणि ती बहुतेक शनिवार-रविवारचीच असतात. सोमवारी प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळताना कोण छायाचित्र काढत बसतो? त्यामुळे पारावरच्या मंडळींना वाटते, की तिकडे सातही दिवस रविवारच असतो. त्यातून शिकायला गेलेली पोर मुलगी असेल, आणि तिच्यापायी बापाने बँकेकडे जमीन तारण ठेवली असेल, तर विचारूच नका.

आमच्या घरात हेच झाले. माझ्या बहिणीची मुलगी 2024 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला, म्हणजे आपण सर्रास ज्याला हॉलंड म्हणतो तिथे, वाखेनिंगेन विद्यापीठात एमएससीसाठी गेली. शेतीच्या विद्येसाठी हे गाव जगात नावाजलेले आहे. ऑक्टोबरात एका शनिवारी तिचे छायाचित्र आले. सायकल धरून उभी, बरोबर तीन मैत्रिणी, सगळ्या खदाखदा हसताहेत आणि मागे कांद्याची भली मोठी रास. रविवारी सकाळीच दाजींचा मला फोन.

"तुम्हीच सांगितलं म्हणून धाडली. आता तुम्हीच सांगा, पोरगी शिकायला गेलीया का हिंडायला?"

दाजी मनाने वाईट नाहीत. करमाळा तालुक्यातला साधा शेतकरी माणूस. हप्त्याची तारीख त्यांच्या डोक्यातून जात नाही, आणि ज्याला हप्ता भरायचा त्याला दुसऱ्याचे हसणे महागच वाटते. म्हणून मी वाद घातला नाही. भाचीकडून त्या दोन दिवसांची सगळी हकिकत विचारून घेतली. ती ऐकल्यावर वाटले, की ही एकट्या दाजींना सांगून भागणार नाही. आज गावोगावची पोरे बाहेर शिकताहेत आणि घरोघरी हाच प्रश्न आहे.

आधी आठवड्याचा हिशेब सांगतो. तिथला अभ्यासक्रम वर्षाला 1680 तासांचा धरलेला असतो. वर्ग, प्रयोगशाळा आणि खोलीवरचे वाचन मिळून आठवड्याला चाळीस तास सहज जातात. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला बाहेर नोकरी करायची तर सत्रात आठवड्याला 16 तासांपर्यंतच परवानगी, तीही मालकाने परवाना काढला तर. राहिले शनिवार-रविवार. त्यात कपडे धुणे, बाजार करणे, पुढच्या चार दिवसांची भाजी करून ठेवणे. एका मजल्यावरच्या पोरापोरींत स्वयंपाकघर एकच, त्यामुळे चुलीलाही पाळी. (चूल म्हणजे विजेची. तिच्यावर भाकरी फुगत नाही ही भाचीची पहिली तक्रार.) आणि हिवाळ्यात साडेचारलाच दिवस मावळतो. पहिल्या महिन्यात ही पोर खोलीचे दार लावून किती रडली ते तिने आईला सांगितले नाही, मला सांगितले. चार मैत्रिणी मिळाल्या तेव्हा ते थांबले. परमुलखात जेवलीस का म्हणून विचारणारे कोणी असणे ही चैन नव्हे.

त्या तिघींपैकी एक इथिओपियाची, एक इंडोनेशियाची आणि एक तिथलीच, शेतकऱ्याची लेक. तिनेच सगळ्यांना दोन दिवस आपल्या घरी नेले. चौघींनी मिळून तिकीट काढले की सुटीच्या दिवशी रेल्वे स्वस्त पडते. एडेच्या स्थानकापर्यंत सायकलने, झ्वोलेपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने त्या गेल्या.

ज्या भागात गेल्या त्याचे नाव नॉर्डओस्टपोल्डर. पोल्डर म्हणजे बांध घालून, आतले पाणी उपसून काढलेली जमीन. 1932 साली डच लोकांनी 32 किलोमीटरचा बांध घालून समुद्राची एक खाडीच अडवली. मग त्या खाडीचा एक कोपरा पुन्हा बांधाने वेढून पंपांनी कोरडा केला. 1942 साली तो उघडा पडला. सुमारे 48,000 हेक्टर. काल जिथे मासे पोहत होते तिथे आज बटाटा, कांदा, साखरबीट आणि ट्यूलिपचे कंद पिकतात. जमिनीचे तुकडे 24 हेक्टरचे, 800 मीटर लांब आणि 300 मीटर रुंद, आखणीने पाडलेले. आपल्याकडचे बांधावरून होणारे दावे आठवून मला त्या आखणीचा हेवा वाटला. तो सगळा प्रदेश समुद्राच्या पातळीखाली आहे. पंप कायमचे बंद पडले तर पुन्हा पाणीच.

मैत्रिणीच्या घरी कांदा निघून वखारीत पडला होता. भाचीचे हात शिवशिवले, पण परदेशी विद्यार्थ्याला परवान्याशिवाय कामाला लावणे तिथल्या कायद्यात बसत नाही. आपल्याकडे सुगीत आलेल्या पाहुण्याच्या हातात आपण विळा देतो. तिथे त्यांना नुसते बघायला लावले, आणि भाचीने ते नीट बघितले. रोपे करून लावण हा प्रकार तिकडे नाही. मार्च-एप्रिलमध्ये पेरणी यंत्राने थेट बी पेरतात आणि उन्हाळा सरताना यंत्रानेच काढणी होते. वखारीत तीन-चार मीटर उंच रास घालतात. जमिनीखाली हवेचे बोगदे असतात, त्यांतून मोठे पंखे राशीत खालून हवा सोडतात. आधी ऊन हवा, कांद्याची मान पूर्ण वाळेपर्यंत. मान ओली राहिली की तिथूनच सड शिरते, हे आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. पुढे हळूहळू बाहेरची गार हवा आत घेतात. असा कांदा वसंतापर्यंत टिकतो.

त्यांची थंडी त्यांच्या मदतीला आहे, हे विसरून कोणी ती वखार जशीच्या तशी इथे उभी करू नये. आपला रब्बी कांदा ऐन उन्हाळ्यात चाळीत जातो आणि पावसाळ्याची दमट हवा खातो. पण राशीच्या तळातून हवा खेळली पाहिजे हे तत्त्व दोन्हीकडे एकच. चाळीचा तळ जमिनीपासून उचलून घ्या म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो ते याचसाठी.

संध्याकाळी सहालाच तिकडे जेवण. चौघींनी रांधले. भाचीने पिठले केले आणि घरून नेलेल्या शेवटच्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या. त्यांच्या घरी गॅस होता, त्यामुळे फुगल्या! इथिओपियाच्या मुलीने मसुराचे झणझणीत कालवण केले. तिच्या देशात टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून आंबोळीसारखी मोठी पोळी करतात, तिची आठवण काढत ती भाकरी खात होती. शेंगदाण्याची चटणी बघून इंडोनेशियाची मुलगी म्हणाली, ही तर आमचीच. डच मंडळींनी जेवणाबरोबर ताक काढले. ताक त्यांच्याकडे रोजचे, फक्त मीठ-जिरे नाही.

घरातले आजोबा ऐंशीचे. ते या पोल्डरवर जन्मलेले नव्हेत. त्यांचे मूळ गाव वाल्खेरेन बेटावर. 1944 साली युद्धात जर्मनांना हुसकण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी तिथले समुद्रबांध फोडले आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. पुढे तिथल्या काही शेतकऱ्यांना या नव्या जमिनीवर आणून वसवले. मात्र सरकारने जमीन दिली ती खंडाने, आणि माणसे पारखून. अर्जदाराच्या घरी अधिकारी जाऊन शेतीच नव्हे, तर बायकोचे घर नीटनेटके आहे का तेही बघत. हे ऐकून माझी बहीण म्हणाली, "मग आपल्याला नसती मिळाली."

आजोबांनी भाचीला विचारले, तू कुठली? आणि इथे सांगायला हवे, की दाजींचे घर उजनीचे धरणग्रस्त आहे. 1980 साली धरण पुरे झाले, त्यात भीमाकाठचे जुने गाव, मळई आणि वाडा गेला. तिचे आजोबा, आमचे तात्या, तेव्हा तरणेताठे होते. तिने हे सांगितले तेव्हा तो डच म्हातारा बराच वेळ बोलला नाही, असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच सांगण्यावरून चौघी सायकलने स्खोकलंडला गेल्या. हे एके काळी समुद्रातले बेट होते. लाटांनी किनारा खाल्ला, गरिबी वाढली, म्हणून 1859 साली राजाज्ञेने सुमारे साडेसहाशे माणसांना तिथून उठवले. त्यांच्या वंशजांची संघटना आजही आहे. 1942 साली भोवतीचे पाणीच गेले. आता सपाट शेतांत झाडांची एक लांबट उंच पट्टी दिसते, तेच बेट. 1995 पासून ते जागतिक वारसा आहे. उत्तर टोकाला जुन्या बंदराचा लाकडी धक्का आहे आणि धक्क्यापुढे पाणी नाही, गवत आहे.

तिथून भाचीने घरी चित्रफोन लावला. आपली घड्याळे त्यांच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे इकडे दिवेलागण. तात्यांनी फोन हातात घेतला.

"त्या लोकांना जमिनीला जमीन मिळाली का?"

"बेटावरच्यांना नाही तात्या. पण मी ज्यांच्याकडं उतरलेय त्यांना मिळाली. खंडानं."

"आणि पाणी?"

"इथं पाणी द्यायचं नसतं तात्या, काढायचं असतं."

तात्या हसले. मग धक्का पुन्हा दाखव म्हणाले. "नाव बांधायच्या मेखा हायेत का अजून?" तिने दाखवल्या. उजनीचे पाणी उन्हाळ्यात उतरते तेव्हा पळसदेवचे जुने देऊळ वर येते, लोक गाड्या करून बघायला जातात. आमच्या गावाच्याही भिंती उघड्या पडतात. तात्या इतक्या वर्षांत एकदाही गेलेले नाहीत. पण त्या संध्याकाळी ते घाट, पिंपळ, पैलतीरी जायची नाव असे तासभर बोलत राहिले. यातले निम्मे दाजींनीही कधी ऐकले नव्हते.

दाजींनी तिकिटाचे पैसे विचारलेच. भाचीच्या वहीत ते लिहिलेले होते. तिने आकडा सांगितला, त्यांनी मनात गुणाकार केला आणि काही बोलले नाहीत. मंगळवारी त्यांचा मला पुन्हा फोन आला.

"ते वखारीतलं बोगदं केवढं रुंद व्हतं, तिनं मोजलं का?"

तिने मोजले नव्हते. मैत्रिणीच्या बापाकडून मापे मागवली आहेत.