हवेनं अडवलेलं ऊन

गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, त्या वर्षी डिसेंबरात वीज अपेक्षेपेक्षा बरीच कमी येऊ लागली. आकाशात ढगाचा मागमूस नव्हता. पॅनेल धुऊन घेतली, जोड तपासून घेतले. फरक पडला तो नावापुरता. ज्यांनी काम केलं होतं ते म्हणाले, थंडीत ऊन कोवळंच असतं, चालायचंच. आयुष्य भिलाईत गेलं, त्यातली कितीतरी वर्षं शाळेत फिजिक्स शिकवण्यात. एवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. ऊन नेमकं किती कमी पडतंय आणि ते कुठे जातंय, हे मला बघायचं होतं.

शेजारचा मुलगा कुटेलाभाट्याच्या आयआयटीत शिकतो. तो म्हणाला, "काकू, याचं सॉफ्टवेअर आहे. आणि फुकट आहे." त्यानंच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून लिबरॅडट्रान चालू करून दिलं. बर्नहार्ड मायर आणि आर्वे किलिंग यांनी उभं केलेलं हे सॉफ्टवेअर जगभर हवामानाचे अभ्यासक वापरतात. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपण एकेक ओळ लिहायची: वातावरण उष्ण कटिबंधातलं, सूर्य डोक्यापासून इतके अंश कललेला, जमीन इतका उजेड परत फेकणारी, हवेत धूळ-धूर इतका. एंटर दाबलं की आकड्यांचे रकाने उतरतात. पहिला तरंगलांबीचा, दुसरा थेट येणाऱ्या उन्हाचा, तिसरा आकाशभर विखरून खाली येणाऱ्या उजेडाचा, चौथा जमिनीवरून वर परतणाऱ्याचा. ७६० नॅनोमीटरपाशी थेट उन्हाचा आकडा एकदम खाली येतो, तिथे ऑक्सिजन ऊन शोषतो. ९४० च्या आसपास पुन्हा खड्डा, तो पाण्याच्या वाफेचा. बाष्प वाढवून जुलैची हवा करून पाहिली, तर तो खड्डा आणखी खोल गेला. फळ्यावर खडूनं काढून शिकवलेली गोष्ट आपल्याच गावाच्या आकाशासाठी समोर उमटताना पाहिली, तेव्हा अंगावर काटा आला.

या हिशेबाच्या मुळाशी खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांचं काम आहे. ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा वाट काढतो, याचं गणित त्यांनी १९५० च्या 'रेडिएटिव्ह ट्रान्सफर' या ग्रंथात मांडलं. प्रकाशाच्या असंख्य दिशांऐवजी मोजक्या दिशा धरून समीकरणं सोडवायची, ही त्यातली रीत. १९८८ साली स्टॅम्नेस आणि सहकाऱ्यांनी त्याच रीतीवरचा डिसॉर्ट नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, आणि तो आज लिबरॅडट्रानच्या पोटात आहे.

नुसत्या मॉडेलवर माझा विश्वास बसेना. सिलिकॉनचा एक छोटा सेन्सर घेतला आणि गच्चीवर आडवा बसवला. भरदुपारी त्याचा आकडा टिपायचा. मग काडीला लावलेली पुठ्ठ्याची चकती अशी धरायची की तिची सावली बरोबर सेन्सरवर पडेल. जो आकडा उरतो तो विखुरलेल्या उजेडाचा, जो गेला तो थेट उन्हाचा. सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरच्या पुढचं दिसत नाही, म्हणून मॉडेलही तिथपर्यंतच चालवायचं. मग फाइलमधली धूळ-धुराची ओळ कमी-जास्त करत दोन्हींचं प्रमाण जुळवायचं.

पावसाळा सरल्यावरच्या धुतलेल्या आकाशात चकती धरली की आकडा धाडकन पडायचा. डिसेंबरात, पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, जाळण्याच्या आणि शेगड्यांच्या दिवसांत, तो तितका पडेना.

भिलाई २१ अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो दुपारीही साधारण पंचेचाळीस अंशांवरच असतो आणि उन्हाला जवळजवळ १.४ पट हवा कापून यावं लागतं. हिरव्या प्रकाशासाठी धूळ-धुराची प्रकाशीय जाडी (ऑप्टिकल डेप्थ) ०.३ धरली, तर या वाटेनं त्या कणांतून ६६ टक्के थेट ऊन पार होतं. ती ०.८ केली की उरतं ३३ टक्के, म्हणजे निम्मं. आणि तरी आकाशात एकही ढग नाही! यातलं बरंचसं ऊन विखरून दुसऱ्या वाटेनं खाली येतंच, त्यामुळे एकूण उजेड तितका घटत नाही. डोळे म्हणूनच फसतात. दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलला मात्र थेट उन्हाची तूट जाणवते.

आईला हे सेन्सरशिवाय कळायचं. ती विदर्भातून लग्न होऊन इथल्या सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याची १९५९ ची पहिली भट्टी पेटून थोडीच वर्षं झाली होती. वाळवण घालण्याआधी ती आकाशाकडे बघायचीच नाही, जमिनीवरची सावली बघायची. कडा फिकी दिसली की म्हणायची, "आज कुरडया नकोत." थेट आणि विखुरलेल्या उन्हाचं प्रमाण ती सावलीत वाचत होती.

जूनमध्ये मॉडेल हरतं. ते हवेचे थर सपाट आणि सगळीकडे सारखे धरतं. तुटक ढगांच्या कडा आरशासारखं ऊन फेकतात, तेव्हा सेन्सर स्वच्छ आकाशाच्या हिशेबापेक्षाही जास्त दाखवतो. मॉडेल धुराचं मूळही सांगत नाही. चूल, रस्ता, शेत, कारखाना, सगळं त्याच्या लेखी एकच आकडा. ते शोधायला हवेचे नमुनेच घ्यावे लागतात.

आपल्या देशात ऊन मोजण्याचा पाया पुण्याच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणींनी घातला. उपकरणं इथेच घडवली, केंद्रांचं जाळं विणलं आणि भारतातल्या सौर प्रारणाच्या नोंदींचा ग्रंथ १९८० साली हाती दिला. एवढ्या नोंदी असूनही सोलर बसवताना घरमालकाला आज बहुधा वर्षाची सरासरी सांगितली जाते. त्यानं महिन्यामहिन्याचा अंदाज मागून घ्यावा, आणि हिवाळ्याच्या आकड्यात धूळ-धूर धरला आहे का, हे विचारावं. भिलाई-दुर्गच्या शाळांना माझी विनंती आहे: गच्चीवर एक सेन्सर बसवा, काडीला चकती लावा आणि नववी-दहावीच्या मुलांकडून रोज दुपारी दोन आकडे लिहून घ्या. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. शिकवायला कुणी हवं असेल, तर मी येईन.