अर्जाची पोहोच

सीमाभागात वाढलेल्या आम्हां मराठी मुलांना ‘हक्क’ हा शब्द नवा नव्हता. हुतात्मा दिन, काळा दिन, मोर्चे आणि निवेदने यांच्या संगतीत तो लहानपणापासून कानी पडत होता. मात्र हक्क बजावायचा कसा, हे आम्ही शिकलो ते कायद्याच्या शिक्षणकाळात, विधी साहाय्य केंद्रात. ज्येष्ठ वकिलांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एक दिवस एखाद्या गावी जायचे, देवळाच्या सभामंडपात टेबल मांडायचे, येणाऱ्याचे म्हणणे ऐकायचे आणि ते कागदावर उतरवायचे, एवढेच आमचे काम होते.

येणारा माणूस बहुधा ‘अन्याय झाला’ एवढेच सांगे. मग मार्गदर्शक वकील विचारीत: कोणी केला? कोणत्या तारखेस? कागद कुठे आहे? घोषणेला तारीख लागत नाही, अर्जाला लागते, हा आमचा पहिला धडा. पुष्कळदा पिशवीतून निघणारी नोटीस कानडीत असे आणि ती वाचून घेण्यातच दिवस गेलेले असत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घेण्यास साठ दिवस मिळतात. ज्याला ती वाचता येत नाही त्याचे साठ दिवस शेजाऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतात. भाषेचा प्रश्न अस्मितेचा आहे, तसाच तो शेतीच्या बांधाचाही आहे, हे तेथे उमगले.

राज्यघटनेची कलमेही आम्हांला तेथेच खऱ्या अर्थाने भेटली. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार कलम ३५० देते. कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करण्याविषयी आहे, तर कलम ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमते. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थानबद्धाला त्याच्या स्थानबद्धतेची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत कळली पाहिजेत. न समजणारी माहिती म्हणजे माहिती नव्हे, हे सूत्र आमच्या टेबलावरच्या प्रत्येक नोटिशीला लागू पडत होते.

एका कार्यालयाने मराठी अर्ज घेण्याचे नाकारले, तेव्हा आम्ही वाद घातला नाही. अर्जाच्या आरंभी कलम ३५० चा उल्लेख केला, सोबत कानडी अनुवाद जोडला आणि तो नोंदणीकृत टपालाने पाठविला. काही दिवसांनी पोहोच आली, पुढे उत्तरही आले, ते कानडीत. कलम ३५० निवेदन देण्याचा अधिकार देते. उत्तर त्याच भाषेत मिळण्याची हमी त्यात नाही. माहितीच्या अधिकाराची गोष्ट आणखी निराळी. तेथे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. म्हणून बेळगावात तो आम्ही हिंदीत लिहीत असू. कायदा कोठवर साथ देतो आणि कोठून पुढे आपल्याला मागणी करावी लागते, ही सीमारेषा अशा कागदांवरूनच कळते.

एके दिवशी टेबलाशी एक कानडी भाषिक विधवा आली. पेन्शन थकली होती. आमच्यातील काहीजण क्षणभर एकमेकांकडे पाहू लागले. वकीलसाहेबांनी शांतपणे विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे, १९८७ च्या अधिनियमाचे, कलम १२ वाचायला सांगितले. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार अशा सर्वांना तेथे मोफत साहाय्य आहे. भाषेचा रकाना नाही. त्या बाईंचा अर्ज आमच्यातील कानडी उत्तम जाणणाऱ्या मुलीने लिहिला. जत आणि अक्कलकोटच्या कानडी भाषिकांना महाराष्ट्रात जे मिळावे, तेच आम्ही येथे मागतो. हे मान्य केल्यावाचून आमच्या मागणीला मानवी हक्क म्हणता येत नाही.

महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला सीमादावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल; घरी आलेल्या नोटिशीची मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर येथील कायद्याच्या मराठी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की आठवड्यातील एक दिवस गावासाठी राखावा. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील बांधवांनाही कलम ३५० तितकेच लागू आहे. अर्ज मराठीत लिहा, स्थानिक भाषेतील अनुवाद जोडा, तारीख घाला, प्रत ठेवा आणि कार्यालयाचा शिक्का उमटलेली पोहोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.