लाइट लो

इंग्रजीतले ‘टेक इट लाइटली’ बहुधा नकार जोडूनच येते : अमुक गोष्ट क्षुल्लक समजू नका! आमच्या हैदराबादेने तो नकारच गाळून टाकला. बस चुकली, ‘लाइट लो यारो’. तेलुगू मित्र म्हणतो, ‘लाइट तीस्को’. आपले ‘नको’ जिथे ‘नक्को’ होऊन दखनीत सुखाने नांदते, तिथे इंग्रजीची काय कथा!

मी गणितात नापास झालो तेव्हा इराण्याच्या हॉटेलात मित्रांनी चहा पाजून हेच ऐकवले, आणि खरोखर हायसे वाटले. घरी येऊन तेच मी अण्णांना ऐकवले. ते फीच्या पावत्या तारेत ओवीत बसले होते.

‘लाइट कोणी घ्यायचे? तू की मी?’ एवढेच विचारून त्यांनी पुढची पावती उचलली.