जुनी गिटार, रात्रीची खरेदी आणि एक गोळी

पार्किन्सन म्हटले की थरथरणारा हात आठवतो. मंदावलेली चाल, बारीक होत गेलेले अक्षर, चेहऱ्यावरचे हरवलेले भाव. हे सगळे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण या आजाराच्या औषधाचा आणि ऑनलाइन मिळणाऱ्या दुर्मिळ जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा संबंध असू शकतो, असे सांगितले तर तुम्ही हसाल. संबंध आहे. तो माहीत असेल तर एखाद्या घराची बचत वाचते, आणि एखाद्या माणसाची घरातली पतही.

माझा दवाखाना नागापूरला, एमआयडीसीच्या जवळ. कारखान्यांतून निवृत्त झालेले बरेच जण बीपी-शुगरसाठी माझ्याकडे येतात. त्यांतलेच हे काका, वय 66. (त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातली भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून त्या पिढीतली कितीतरी पोरे वेडी झाली, त्यांतले ते एक. पुढे नोकरी, शिफ्ट, संसार यांत गिटार मागे पडली.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचे निदान झाले. पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लेव्होडोपा आणि प्रामिपेक्सोल ही औषधे दिली. त्यांचा चांगला उपयोग झाला. बोटे पुन्हा तारांवर बसू लागली. घरात आनंद होता.

मग एके दिवशी काकू एकट्याच आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर गिटारी बघत बसतात. पाच महिन्यांत चार आल्या घरात. बँकेतली ठेव मोडली, मला पत्ता नाही. मुलगा म्हणतो, बाबांना म्हातारचळ लागलाय.”

गिटारनेच दिलेला पुरावा

मलाही गिटारची आवड आहे. जुनी गिटार घेणारा जाणकार माणूस कसा वागतो, हे मला ठाऊक आहे. तो फार सावकाश असतो. कारण या व्यवहारात किंमत आवाजाला असते तितकीच ‘मूळपणा’ला असते. गिब्सन कंपनीच्या 1958 ते 1960 या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल स्टँडर्डची किंमत आज कोटींच्या घरात जाते. पण तिचा रंग पुन्हा मारलेला असेल किंवा आतले पिकअप बदललेले असतील, तर किंमत धाडकन खाली येते. म्हणून जाणकार माणूस विकणाऱ्याकडून मागचे झाकण उघडून काढलेले फोटो मागवतो. सोल्डरिंग पुन्हा केलेले आहे का पाहतो. आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखाली जो पॉट असतो, त्यावरचा आकडा वाचतो.

हा आकडा मोठा बोलका असतो. समजा पॉटवर 1376523 असे छापले आहे. त्यात 137 हा सीटीएस या अमेरिकन कंपनीचा क्रमांक, 65 म्हणजे 1965 साल आणि 23 म्हणजे त्या वर्षाचा तेविसावा आठवडा. विकणारा सांगतो त्या सालानंतरचा पॉट आत निघाला, तर एक तर गिटार तेवढी जुनी नाही, नाही तर तिचे भाग बदललेले आहेत.

हे सगळे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मी त्यांना बोलावले आणि आधी गिटारवरच गप्पा मारल्या. चारपैकी एक गिटार त्यांनी ‘1966 ची अमेरिकन’ म्हणून 1 लाख 40 हजारांना घेतली होती. आत पॉट निघाला 1986 चा. मी विचारले, “काका, आधी फोटो मागवला नाहीत?” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कळत होतं हो सगळं. पण हात थांबत नव्हता. पैसे पाठवले की दहा मिनिटं बरं वाटायचं. खोकं आलं की दोन-दोन दिवस उघडत पण नव्हतो.”

त्यांच्या या उत्तराने मी सावध झालो. हौशी माणूस खोके आले की लहान मुलासारखा फोडतो. इथे ओढ वस्तूची नव्हती, घेण्याच्या क्षणाची होती. मी त्यांची फाइल काढली आणि मोबाइलवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज शेजारी ठेवले. प्रामिपेक्सोलचा डोस वाढवला त्यानंतर सहा आठवड्यांनी पहिली खरेदी झाली होती. पॉटवरच्या आकड्यावरून गिटारचे वय काढतात, तसेच हे. दोन तारखा शेजारी ठेवल्या की बरेच काही कळते.

मेंदूत काय होते?

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ठरावीक भागात डोपामिन हे रसायन कमी पडते. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाला याचा मोठा फटका बसतो. मात्र इच्छा, अपेक्षा आणि ‘बक्षीस’ यांच्याशी संबंधित भागातले डोपामिन सुरुवातीच्या काळात बऱ्यापैकी टिकून असते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे डोपामिनची नक्कल करतात आणि दोन्ही भागांवर काम करतात. ज्या शेतात पाणी नव्हते तिथे पाणी पोचते. पण शेजारच्या ओल्या शेतात चिखल होतो.

डोपामिनचे काम ‘मजा देणे’ एवढेच नाही. काहीतरी मिळणार आहे याची चाहूल लागली की ते वाढते. ऑनलाइन खरेदीत अशी चाहूल सतत लागत असते. ‘शेवटचा एकच नग’, ‘अजून सात जण पाहत आहेत’, संपत आलेली लिलावाची वेळ. धडधाकट माणसालाही हे खेचते. ज्याच्या मेंदूतला ब्रेकच सैल झाला आहे, त्याची काय गत होत असेल याचा विचार करा.

अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 पार्किन्सन रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 13.6 टक्के रुग्णांमध्ये आवेगावरचा ताबा सुटल्याची लक्षणे आढळली: अनावर खरेदी, जुगार, लैंगिक वर्तनातला अतिरेक किंवा सतत खाणे. नुसती अनावर खरेदी 5.7 टक्के रुग्णांत होती. या गटातली औषधे घेणाऱ्यांत एकूण प्रमाण 17.1 टक्के, तर न घेणाऱ्यांत 6.9 टक्के होते. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही. पण ज्यांना होतो ते मोजकेही नाहीत. आणि ते स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांना हा औषधाचा परिणाम वाटतच नाही, स्वतःचा दोष वाटतो.

पुढे काय झाले?

मी त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी बोललो. त्यांनी प्रामिपेक्सोल काही आठवड्यांत हळूहळू कमी करून बंद केले आणि लेव्होडोपाचा डोस बदलला. दोन महिन्यांत रात्रीचे जागरण थांबले. हाताचा कंप थोडा वाढला, तो त्यांनी पत्करला. काकांच्याच संमतीने मोठ्या व्यवहारासाठी दोघांची सही लागेल, अशी बँकेत सोय केली. तीन गिटारी तोट्यात विकल्या. एक ठेवली.

नंतर एकदा त्यांनी मला विचारले, “डॉक्टर, मला गिटार खरंच हवी होती, की त्या गोळीला हवी होती?” मी म्हणालो, “आवड तुमचीच, काका. घाई गोळीची.” काकूही सोबत होत्या. त्यांच्यासाठी ते उत्तर जास्त गरजेचे होते, असे मला वाटते. नवऱ्याने आपल्याला फसवले, हे ओझे घेऊन त्या पाच महिने वावरत होत्या.

तुम्ही काय करावे?

• घरातले कोणी पार्किन्सनसाठी, अस्वस्थ पायांच्या त्रासासाठी किंवा प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे डोपामिनसारखे काम करणारी औषधे घेत असेल, तर खरेदी, जुगार, ऑनलाइन गेम, खाणे यांतल्या बदलाकडे लक्ष ठेवा. मानसिक आजारांवरच्या अॅरिपिप्राझोलबाबतही अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये असाच इशारा दिला आहे.

• बदल कधी सुरू झाला आणि औषध किंवा डोस कधी बदलला, या दोन तारखा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

• गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवल्यास तीव्र बेचैनी, नैराश्य, घाम, अंगदुखी होऊ शकते आणि पार्किन्सन अचानक बळावू शकतो.

• प्रत्येक खरेदीचे खापर गोळीवर फोडू नका. झोप कमी होऊनही उत्साह उतू जाणे, मोठमोठ्या योजना, भरभर बोलणे यांसोबत खर्च वाढला असेल, तर तो उन्मादाचा आजार असू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

• फसवणूक झाली असेल तर लाजू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आणि घरच्यांना एक विनंती. साठी उलटलेल्या माणसाने हौसेने काही मागवले, तर लगेच ‘म्हातारचळ’ म्हणू नका. आधी ती वस्तू बघायला मागा. तो ती कौतुकाने उघडून दाखवतो की खोके तसेच कोपऱ्यात पडून आहे, एवढे पाहा. खोके तसेच पडले असेल, तर भांडण बाजूला ठेवा आणि औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे या.