मोटार आडरानांत

आमच्या घरीं ‘आडरानांत शिरूं नये’ हें वाक्य शुभंकरोतीच्या बरोबरीनें लहानपणापासून कानांवर पडत आलेलें आहे. त्यामुळें आमच्या दादांचे धाकटे चिरंजीव गेल्या माघांत चक्क वर्गणी भरून, नवी कोरी ‘फोर बाय फोर’ गाडी घेऊन, आडरानांतच जावयास निघाले तेव्हां घरांत केवढी खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. वहिनींनीं पानें वाढतां वाढतां विचारलें, “चांगला रस्ता सोडून जायला पैसे कशाला मोजायचे?” दादांपाशीं उत्तर नव्हतें, आमच्यापाशींहि नव्हतें. अखेर “भाऊजी, तुम्ही बरोबर जा,” असा हुकूम सुटला आणि साठी उलटल्यावर आम्हांस ह्या साहसाचा लाभ झाला.

खरें पाहतां वहिनींचें भय त्या एका रविवारापुरतें नव्हतें. चिरंजीव नुकतेच डॉक्टर झाले असून त्यांची नेमणूक अक्राणी तालुक्यांतील एका आरोग्य केंद्रावर झाली होती. १९९८ सालच्या १ जुलैस नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला, पुढें डांबरी सडका पुष्कळ वाढल्या, तोरणमाळास तर लोक सहलीकरितां जातात. तथापि सातपुड्यांतील कित्येक पाड्यांवर आजहि पावसाळ्यांत गाडी पोंचत नाहीं. आजाऱ्यास बांबूच्या झोळींत घालून खांद्यांवरून उतरवावें लागतें. नर्मदाकांठच्या गांवांकरितां तर दवाखाना बोटीवर घालून फिरविण्याची वेळ आली. गाडी घेतली ती ह्या नेमणुकीकरितां, आणि मेळावा ही तिची शिकवणी होती. हें वहिनींस ठाऊक होतें, म्हणूनच त्या अधिक चिडल्या होत्या.

गोव्यांत २०१४ सालापासून भर पावसांत ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नांवाची चढाओढ भरूं लागली. तींतील चिखलांत निम्म्या बुडालेल्या गाड्यांचीं चित्रें चिरंजीवांनीं आम्हांस आदल्या रात्रीं मोठ्या हौसेनें दाखविलीं. आम्हांस झोंप लागली नाहीं. परंतु शिकाऊ लोकांच्या मेळाव्यांत तसें कांहीं नसतें, हें प्रथमच सांगून टाकतों. मेळावा भरला होता शहाद्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, एका शेतकऱ्याच्या पडीक माळावर व त्यालगतच्या नाल्यांत. मालकाची परवानगी होती, आणि जंगलाच्या हद्दींत एकहि चाक जातां कामा नये अशी सक्त ताकीद होती. तेवढ्यानेंच आमचें मन अर्धें निवळलें.

आम्ही वेगाच्या धास्तीनें गेलों होतों. प्रत्यक्षांत सारा दिवस बैलगाडीच्या चालीनें गेला. त्यांतहि निम्मा वेळ उन्हांत उभें राहून दुसऱ्याची गाडी पाहण्यांत. तेव्हां टोपी, पिण्याचें पाणी व घरची शिदोरी ह्यांस विसरूं नये. शिदोरीचा डबा मात्र घट्ट बांधावा. आमचे दडपे पोहे पहिल्याच खळग्यांत छतास लागून आमच्याच डोक्यावर उतरले. गाडींतील प्रत्येक सुटी वस्तु अशीच उडते, म्हणून सकाळीं पट्टे बांधून घेण्यापूर्वीं सामान तपासतात. मग चाकांतील हवा उतरवितात. बत्तीस पौंडांवरून आमची वीसवर आणली. चाक पसरट झालें कीं जमिनीवर त्याची पकड वाढते. परतांना डांबरी रस्त्यापूर्वीं पंपानें ती पुन्हां भरावी लागते. चाकाचें चक्र धरतांना अंगठे आंत अडकवूं नयेत, हेंहि आम्हांस नवें होतें. पुढचें चाक दगडावर आपटलें तर चक्र एकदम फिरतें आणि अंगठा दुखावतो.

उतारावर ब्रेक दाबून बसण्याची आमची चाळीस वर्षांची संवय तेथें कुचकामाची ठरली. लहान गिअर घालून, क्लचवरचा पाय काढून, गाडी इंजिनाच्या लगामानेंच उतरूं द्यावयाची. चढ अर्ध्यावर सुटला तर वळवावयाची नाहीं, सरळ मागें आणावयाची. आडवी झाली कीं कलंडली. एका अडथळ्यावर एका वेळीं एकच गाडी, आणि जाण्यापूर्वीं खालीं उतरून तो अडथळा पायांनीं चालून पाहावयाचा.

चिरंजीव नेमके हेंच विसरले. विसरले कसले, चारचौघांसमोर खालीं उतरून नाल्यांत पाय भिजविणें त्यांस कमीपणाचें वाटलें. गुडघाभर पाणी होतें, परंतु तळाशीं काळी माती. मध्यावर गाडी बसली. “थांब” असें आम्हीं म्हटलें, तों त्यांनीं आणखी जोर दिला आणि चाकें पुरतीं रुतलीं. काठावरील मार्शल मूठ वर करून थांबण्याची खूण करीत होते. चिरंजीव मान वळवीनात. शेवटीं खालीं उतरले ते लालबुंद होऊन, आणि कोणास कांहीं न विचारतां ओढण्याचा पट्टा त्यांनीं गाडीच्या मागील लोखंडी गोळ्यास अडकविला.

मार्शल पाण्यांत धांवतच आले. तो गोळा ट्रेलर ओढण्याकरितां असतो. रुतलेल्या गाडीस हिसका बसला तर तो तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. असे माणसांचे जीव गेलेले आहेत. त्यांनीं पट्टा चासीच्या हुकास लावला, त्यावर एक ओलें घोंगडें टाकलें, म्हणजे पट्टा तुटलाच तर उसळणार नाहीं, आणि सर्वांस दूर नेलें. गाडी दोन हिसक्यांत बाहेर आली.

चिरंजीव मुकाट उभे होते. शेजारीं ढोरें घेऊन आलेले एक पावरा गृहस्थ मघापासून पाहत होते. ते म्हणाले, “डाव्या अंगानें दगड हाय. आमी तिकडूनच जातो. विचारलं असतं तं सांगितलं असतं.” चिरंजीवांनीं मग बूट काढले आणि त्यांच्याबरोबर नाला या काठापासून त्या काठापर्यंत चालून पाहिला. दुसऱ्या खेपेस गाडी डाव्या अंगानें नीट गेली.

रात्रीं घरीं पोंचलों. वहिनींनीं पहिलाच प्रश्न केला, “अडकलात का?” आम्हीं पानाकडे पाहिलें, बात बाहेर फोडणें आम्हांस उचित वाटेना. चिरंजीव म्हणाले, “अडकलों, आई. माझ्या चुकीनें.” आणि मग गोळ्याची, हुकाची, घोंगड्याची सारी हकीकत त्यांनीं जशीच्या तशी सांगितली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. भात वाढला आणि आंत गेल्या.

पुढच्या सोमवारीं चिरंजीव धडगांवास निघाले. सामान लावतांना गाडीचें मागचें दार उघडलें, तों माळ्यावरचें, आमच्या आईच्या वेळचें जाड घोंगडें आधींच घडी घालून ठेवलेलें होतें.