एका टोकावरचा तोल

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाचे. हळदीच्या पिवळ्या रंगाला क्षाराचा स्पर्श झाला की तो तांबडा होतो. या साध्या किमयेवर येथील अनेक घरांचे संसार उभे राहिले. दौंड-सोलापूर लोहमार्गावरील या गावात दोन भाऊ एकाच पेढीवर वाढले. पुढे वाटणी झाली. थोरल्यांनी कारखाना घेतला, धाकट्यांनी दुकान. भांडण असे झाले नाही, पण वाटणीच्या बैठकीत धाकटे एक वाक्य बोलून गेले : "ज्याला घरातला एक दांडा घट्ट बसवता येत नाही, तो धंदा काय सांभाळणार?" थोरले हसले. त्यानंतर बारा वर्षे दोघांत हिशेबापलीकडे बोलणे झाले नाही.

तो दांडा रेकॉर्ड प्लेअरचा होता. थोरल्यांनी तो मुंबईहून जुन्या बाजारातून आणला होता. नेहमीच्या यंत्रांत सुईचा दांडा बारीक छऱ्यांच्या बेअरिंगमध्ये धरलेला असतो. हा मात्र एका अणकुचीदार टोकावर नुसता टेकलेला. खाली एक खिळा, वर उलटी वाटी, बस्स. बोट लावले की तो डुलतो, एका अंगाला कलतो. पाहणाऱ्याला वाटावे, काहीतरी निखळले आहे. यामागचा विचार असा की, जेथे एकच टोक टेकते तेथे घर्षण अत्यल्प असते आणि सुई तबकडीच्या खाचेमागे निमूट जाते. जुन्या तराजूची दांडी धारेवर टेकवण्यामागेही हाच विचार होता.

कारखान्यातून आल्यावर थोरले आधी स्नान करीत, कपडे बदलीत, मगच यंत्राजवळ जात. कुंकवाची पूड सुईवर बसता कामा नये. रेल्वे गेली की घर हादरे, म्हणून त्यांनी यंत्रासाठी भिंतीत वेगळी फरशी बसवून घेतली होती.

गतवर्षी थोरले गेले. वहिनी मुलाकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा यंत्र धाकट्यांकडे आले. "भावजी, हे तुमच्याकडे राहू द्या," एवढेच त्या म्हणाल्या.

हलवताना दांडा टोकावरून उतरला होता. धाकट्यांनी तो पुन्हा ठेवला, तर तो डुलू लागला. त्यांनी आवळायला स्क्रू शोधला, स्क्रू नव्हताच. अखेर पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, तो मोडलेला नाही. तो तसाच असतो. सुई तबकडीवर टेकली की स्थिर होतो."

मग महिनाभर दुकान बंद झाल्यावर धाकटे त्यापुढे बसू लागले. पहिला प्रश्न वजनाचा. सुईवर दीड-दोन ग्रॅमच भार हवा. वजन कमी ठेवले तर तबकडी कमी झिजेल, असा त्यांनी व्यापारी हिशेब केला आणि भार एका ग्रॅमवर आणला. सूर फाटू लागले. पुतण्याने सांगितले की भार फार हलका झाला तर सुई खाचेत नीट बसत नाही, आपटत जाते आणि तबकडी अधिक खराब होते. धाकटे क्षणभर गप्प राहिले. कमी तोलणे येथेही चालत नव्हते.

दुसरा प्रश्न कलाचा. सुई उभी नसेल तर डाव्या-उजव्या बाजूचे आवाज एकमेकांत मिसळतात. दांड्यामागच्या वजनाचे छिद्र मुद्दाम मध्यापासून बाजूला पाडलेले असते. वजन किंचित फिरवले की दांडा कलतो. पण किती फिरवायचे? धाकट्यांनी वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "ते आरसा ठेवायचे. आणि लिहून ठेवायचे. कपाटात लाल चोपडी असेल."

चोपडी सापडली. त्यात कुंकवाचा हिशेब नव्हता. 'छोट्या आरशावर सुई टेकवावी. सुई आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत आले पाहिजे.' 'उन्हाळा १.८ ग्रॅम. थंडीत सुईमागचे रबर कडक होते, १.९.' 'टोकाच्या वाटीत सिलिकॉन तेल बेताने. जास्त झाले की गाणे मेल्यासारखे होते.' एका पानावर अमेरिकेतील एका कारखानदाराची नोंद होती : त्याने अशाच एका टोकावरच्या दांड्याला अपघातात गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाची आद्याक्षरे दिली. शेवटच्या पानावर व्यापाऱ्याच्या रीतीने दोन रकाने होते, येणे आणि देणे. येण्याचा रकाना कोरा होता. देण्याखाली एकच ओळ होती : 'धाकट्यास एकदा नीट ऐकवणे.'

त्या रात्री धाकट्यांनी आरसा ठेवला. सुई आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत येईपर्यंत मागचे वजन केसभर केसभर फिरवले. मग भीमसेन जोशींच्या अभंगांची तबकडी लावली. ३३⅓ फेऱ्यांच्या संथ गतीवर दांडा खाली आला, एकदा डुलला आणि खाचेत स्थिरावला. धरलेले काहीच नव्हते, तरी सुटलेलेही काही नव्हते. दूरवरून गाडी गेली. फरशी त्यांच्याकडे तशी भक्कम नव्हती. सूर जरासा थरथरला आणि पुन्हा सावरला.

पहिला अभंग संपल्यावर त्यांनी पुण्याला फोन लावला आणि काही न बोलता तो ध्वनिपेटीजवळ धरला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनींचा आवाज आला, "भावजी, तोल बरोबर लागलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चोपडीतील देण्याची ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिले : 'पोहोचले. आता माझ्याकडून येणे बाकी.' महिन्याअखेरीस त्यांचा मुलगा पेढी सोडून नोकरी करण्याबद्दल पुन्हा बोलू लागला, तेव्हा धाकट्यांनी प्रथमच त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले.